पाहुणे नावाचं गिऱ्हाईक

दत्ताभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोदामात माल मोजत होतो. पोलादपूरच्या आमच्या शाखेतला माणूस म्हणाला, "साहेब, भाऊ गेले. सकाळी अंगणात बसल्या बसल्याच..." मी "बरं" म्हणालो. अशा बातमीवर कोणी "बरं" म्हणतं का? पण मी म्हणालो, आणि हातातल्या कागदावर पुढचा आकडा लिहून मोकळा झालो. या गोष्टीला आता दोन महिने होतील. "भाऊंवर तुम्हीच लिहा, तुमच्याइतकं जवळचं कोण होतं?" असं चारचौघांनी म्हटलं. जवळचा होतो, हे खरं आहे. म्हणून तर इतकी वर्षं गप्प बसणं मला जमलं.

आमची कंपनी महाडची. पाण्याचे पंप, मोटारी, स्टार्टर, पाइप विकायचे, जळलेली मोटार दुरुस्त करून द्यायची. मी कारकून म्हणून लागलो तेव्हा दत्ताभाऊ गोदाम सांभाळत होते. वरंधकडचे, कमरेला चाव्यांचा जुडगा, पायात कायम रबरी चपला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक उघडलेली मोटार माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "वास घे." मी कागद चाळून तिची तक्रार शोधत होतो. "अरे प्रकाश, नाक देवानं चष्मा ठेवायला दिलंय काय? जळलीय ती, कागदात काय बघतोस!" दुपारी डबा आम्ही एकत्र खायचो. पुढे मी व्यवस्थापक झालो, केबिन मिळाली, तरी डबा त्यांच्याच स्टुलापाशी उघडायचा आणि "अरे प्रकाश" तसंच राहिलं. ते "साहेब" केव्हा झालं, ते पुढे येईलच.

बिलं, माल, चलनं हे सगळं आमच्याकडे एका जुन्या सॉफ्टवेअरवर चालायचं. पुण्याच्या एका गृहस्थाने ते कधीकाळी बनवून दिलं होतं. चार वर्षांपूर्वी ते वारंवार बंद पडू लागलं. शेठनी मला बोलावून सांगितलं, "जुन्याचीच सुधारलेली आवृत्ती घ्यायची, की ते काढून टाकून मुंबईवाल्यांचं नवं आणायचं, हे पंधरा दिवसांत लिहून दे. तू म्हणशील ते करू." जुनं वाढवलं तर जुन्या नोंदी, जुन्या सवयी सगळं सोबत येणार होतं. नव्यात पाटी कोरी. शिवाय त्यात बिलाशिवाय एक वायसरही दाराबाहेर जाणार नव्हता.

मी भाऊंना विचारलं. ते नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, "जुनंच वाढवा रे. त्यात माझी एक सोय हाय."

सोय... हा शब्द माझ्या डोक्यात रुतून बसला. गोदाम सांभाळणाऱ्या माणसाची सॉफ्टवेअरमध्ये कसली सोय असते? त्या दिवसापासून मी जुन्या नोंदी उलगडू लागलो आणि मला एक गिऱ्हाईक सापडलं. नाव फक्त 'पाहुणे'. पत्ता नाही, फोन नाही. या पाहुण्यांच्या नावावर दर उन्हाळ्यात मोटारी आणि स्टार्टर बाहेर जात होते आणि पावसाळ्याआधी परत येत होते. बिल एकाचंही नाही. कोणाला विचारायची गरजच वाटली नाही, मी मनाशी ठरवून टाकलं की भाऊ कंपनीच्या मोटारी परस्पर भाड्याने देतात. मग मला सगळीकडे तेच दिसू लागलं. त्यांची जाडजूड पिशवी, एसटी स्टँडवर कोणाशी तरी हलक्या आवाजात चाललेलं बोलणं, घराला नुकताच दिलेला रंग. ते डब्यातली भाकरी पुढे करायचे तेव्हा वाटायचं, आज एवढा आग्रह का? हे सगळं त्यांना विचारायला चार पावलं चालायची होती. ती चाललो नाही. मी शेठकडे गेलो आणि म्हणालो, "गोदामात काहीतरी पाणी मुरतंय." शेठ खूश झाले. "शाबास, डोळे उघडे ठेवून असतोस!" म्हणाले.

पुरावा हवा म्हणून मी एका चलनाच्या मागे खरडलेलं वाडीचं नाव वाचलं आणि रविवारी मोटारसायकल काढली. पोलादपूरहून आंबेनळी घाटाच्या अंगाने वर चढलं की तशा वाड्या लागतात. एप्रिल होता. विहिरीवर आमची मोटार चालू होती, तिच्यावर भाऊंच्या हातचा निळ्या रंगाचा ठिपका. तिथे चंद्रा नावाची एक बाई हंडे लावत होती. मी विचारलं, "मोटार कोणाची?"

"दत्ताभाऊंची. आमची जळली, ती महाडला दुरुस्तीला गेलीय. ती आली की ही माघारी."

"भाडं किती घेतात?"

ती दुसऱ्या बाईकडे बघून खो खो हसली. "आयकलंस गो? पावनी आलीय आपल्याकडं, नि हे तिचं भाडं पुसतायत! चार दिस राहील, नि जाईल आपल्या घरी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही कंपनीचे सायब काय? मग भाऊंना सांगा, पावनी बरी नांदतेय."

एवढंच होतं. मोटार दुरुस्त व्हायला आमच्याकडे आठ-पंधरा दिवस लागायचे आणि तेवढे दिवस वाडीला पाणी कुठून? म्हणून भाऊ गोदामातली एक मोटार पाहुणी म्हणून धाडायचे. कोण घेऊन गेलं हे वाडीला ठाऊक, भाऊंना ठाऊक. सही कसली घ्यायची? पाहुण्याला पाठवताना कोणी सही घेत नाही.

हे मला अहवाल देण्याआधी चार दिवस कळलं होतं. हे वाक्य भाऊ असेतो मी कुठेही उच्चारलं नाही, बायकोपाशीसुद्धा. चार दिवस हातात होते. पण शेठची शाबासकी खाऊन झाली होती. आता जाऊन "माझा संशय खोटा होता" म्हणायचं, म्हणजे... नाही म्हणवलं. मी लिहिलं, 'जुन्या प्रणालीत मालाच्या काही नोंदींचा उलगडा होत नाही, सबब ती वाढवू नये, बदलावी.' उलगडा तर मला झाला होता.

नवं सॉफ्टवेअर आलं. सुरुवातीची मोजणी झाली, तीत एक मोटार कमी भरली. शेठनी भाऊंना विचारलं. ते एवढंच म्हणाले, "माझ्या ताब्यात होती, माझीच चूक." त्यांना कोणी चोर म्हटलं नाही. नाहीत असंही कोणी म्हटलं नाही. चाव्या काढून घेतल्या आणि त्यांना पोलादपूरच्या काउंटरवर बसवलं. दुसऱ्या उन्हाळ्यात ते एकदाच माझ्या केबिनमध्ये आले. उभेच राहिले. "साहेब, तुमच्या नव्या यंत्रात पाहुण्यांना जागा नाय काय हो? वरच्या वाडीची मोटार जळलीय. बाया ओढ्यावर उतरतायत."

मी म्हणालो, "सिस्टिम घेत नाही, भाऊ."

घेत होती. परतीच्या चलनाची, म्हणजे बिलाशिवाय माल देऊन परत घ्यायची सोय नव्यातही होती. माझ्याच मंजुरीने चालू व्हायची, एक खूण करायची होती. पण ती केली असती तर पाहुणे म्हणजे कोण हे मला माहीत असल्याचं कबूल करावं लागलं असतं. भाऊ "बरं साहेब" म्हणून निघून गेले. निवृत्त होईतो आम्ही पुन्हा डबा एकत्र खाल्ला नाही.

दहाव्याला मी वरंधला गेलो. वहिनींनी चहा पुढे केला. म्हणाल्या, "भावजी, तुम्ही वर विहिरीवर जाऊन आलात ना, ते त्यांना त्याच आठवड्यात कळलं होतं. चंद्रा बोलली होती." मी विचारलं, "काय म्हणाले भाऊ?"

"खूश झालेले. म्हणाले, आता प्रकाशला ठाऊक झालं, तो घेईल बघून."

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. खूप शोधला. नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर आठवड्याभरात एक म्हातारे गृहस्थ टेम्पोतून उतरले. गोणपाटात गुंडाळलेली मोटार माझ्या केबिनमध्ये ठेवली. निळा ठिपका. नंबर ताडून पाहिला, मोजणीत कमी भरलेली हीच. "भाऊंनी सांगून ठेवलेलं, मी असेतो हिला वाड्यांतनं फिरवा, मी नसलो की महाडला प्रकाशसाहेबांकडं पोचवा." मोटार परत आणली असती तर भाऊंचं नाव धुऊन निघालं असतं. पण मग ती पुन्हा बाहेर पडू शकली नसती. म्हणून, एकटी सगळ्या वाड्यांना पुरत नसली तरी, त्यांनी ती फिरती ठेवली आणि नाव तसंच राहू दिलं. शेठना मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, चार दिवसांसकट. ते म्हणाले, "आता मला कशाला सांगतोस? ज्यानं ऐकायला हवं होतं तो गेला." म्हणून हे इथे, सगळ्यांसमोर लिहितोय.

परतीच्या चलनाची खूण मी केली आहे. तरी ती मोटार काही त्यात चढवली नाही, ती माझ्या टेबलाखालीच होती. मागच्या आठवड्यात एका वाडीतून दोघे आले, मी ती उचलून दिली. नाव विचारलं नाही, सही मागितली नाही. आता टेबलाखाली लादीवर तिच्या बुडाचा तांबूस गोल डाग तेवढा उरलाय. भाऊ मोटार धाडायचे आणि कामाला लागायचे, मागे वळून बघत नसत. मी मात्र दारात टेम्पो थांबला की ती परत आली का बघायला मान वर करतो... आणि माझं मलाच कळतं की मी अजून संशयच घेतोय.