अक्काचं पान मी लिहिलं

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही, देवाजवळही नाही — देवापुढे हात जोडले की मी घाईघाईनं दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक बरं आहे. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभ अजून रेटत नाही.

आधी माझ्या मराठीबद्दल सांगते, म्हणजे पुढे अडखळायला नको. लिहायची मराठी मी पुण्याहून पोस्टानं येणाऱ्या मासिकांतून उचलली. बोलायची वेगळी. आम्ही कुंभकोणमची माणसं, तंजावरच्या दरबारामागोमाग कधीकाळी इकडे आलेल्या घरांतली. तिकडची मंडळी आमची बोली ऐकून हसतात. हसोत बापडी. आमच्या घरांत एक रीत आहे — उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. हे कुणी शिकवत नाही. दाराशी चपला काढतो, तशी तमिळही तिथेच राहते. भाजीवालीशी तमिळमध्ये भांडत आलेली बाई घरात पाऊल टाकलं की उरलेलं भांडण नवऱ्याशी मराठीत करते. घरात तमिळ फक्त परक्या माणसाशी. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

अक्का म्हणजे माझी मामेबहीण. वत्सला नाव, पण सगळ्यांची अक्काच. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. माझ्या वेण्या तिनं घातल्या, माझ्या लग्नात माझ्याहून जास्त ती रडली. आणि मी ज्या कामावर नाव कमावलं ते काम — ते तिनंच मला मिळवून दिलं. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मी ते शेवटी ठेवीन आणि मग गाळून टाकीन. मी अशीच आहे.

काम असं होतं. परदेशातल्या एका विद्यापीठाची मुलं दर वर्षी दोन महिने आमच्या गावात तमिळ शिकायला यायची. सकाळी वर्ग. दुपारनंतर आम्ही मार्गदर्शक बाया त्यांना गावात फिरवायचो — बाजार, देऊळ, बस, लोकांची घरं. अक्काला इंग्रजी येत नव्हतं. ‘टिकट’ आणि ‘थँक्यू’, संपलं. तेच तिचं बळ. पोरं आधी हातवारे करायची, मग हात टेकायची, आणि नाइलाजानं तमिळ बोलायला लागायची. ती त्यांना बसनं स्वामीमलैला न्यायची, मूर्ती ओतणाऱ्यांच्या कारखान्यात तासन्‌तास बसवायची. मेणाची मूर्ती, तिच्यावर मातीचे लेप, मेण वितळून गेलं की त्या पोकळीत ओतलेला धातूचा रस — एकेक पायरी प्रत्येकाकडून वदवून घ्यायची. चुकलं की पहिल्यापासून. कारखान्यातली माणसं हसायची, पोरं हसायची, आणि परतीच्या बसमध्ये तीच पोरं कंडक्टरशी गप्पा मारायची.

मी एम.ए. तमिळ. एका खासगी शाळेत शिकवत होते, ती बंद पडली, तेव्हा अक्कानं ऑफिसात सांगितलं, ‘माझ्या ओळखीची आहे, शिकलेली आहे, घ्या.’ बहीण आहे म्हणून सांगितलं नाही, वशिला वाटू नये म्हणून. तिथे आम्ही तमिळच बोलायचो, ते उंबऱ्याबाहेरचंच ना. कुणाला काही कळलं नाही.

मला तिचा हेवा वाटायचा. आता गुळमुळीत कशाला बोलू? पोटात दुखायचं माझ्या. मी व्याकरण शिकवून घसा कोरडा करायचा आणि पोरांनी निरोपाच्या दिवशी अक्काच्या गळ्यात पडून रडायचं. माझ्याशी पोरं नुसता हात मिळवायची.

मग चेन्नईहून नवी मॅडम आली. तिनं नवं काढलं — प्रत्येक मार्गदर्शकानं स्वतःबद्दल एक पान लिहून द्यायचं. जन्म कुठला, शिक्षण काय, घरची भाषा कोणती. परदेशात मुलांचे आईबाप ते वाचणार, विद्यापीठ वाचणार. आणि त्यातून एकीला मुख्य मार्गदर्शक करणार, ती चार महिने तिकडे जाऊन मुलांची तयारी करून घेणार. सगळ्यांना वाटत होतं, अक्काच. अक्कालाही वाटत होतं. साठीला आलेली बाई, आयुष्यात चेन्नईच्या पुढे गेली नव्हती. तिकडे थंडी असते म्हणून तिनं बूट आणले. बूट! जन्मभर चपलेखेरीज पायात काही घातलं नव्हतं तिनं. ओसरीवर मोजे-बूट घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची सवय करत होती, भिंतीला हात लावून. मी हसले, तीही हसली.

आता — थांबा. हे सांगायला नको वाटतंय. पण इथवर येऊन मागे कुठे फिरू?

पानं द्यायच्या आदल्या आठवड्यात मी ऑफिसच्या कपाटाशी उभी होते. मॅडम फोनवर बोलत होती. तिकडच्यांनी अट घातलीय, मुख्य मार्गदर्शक अशी हवी की तमिळ तिची मातृभाषा आहे, घरात-दारात तीच. मी ऐकलं. मी कपाटाचं दार हळूच लावलं आणि घरी आले. अक्काला सांगितलं का? वाटेत तिचंच घर लागतं. नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अक्कानं मला बोलावलं, तिचं पान इंग्रजीत लिहून द्यायला. ती मागच्या पडवीत केळफूल सोलत बसली होती, बोटं काळी झालेली. मी कागद मांडीवर घेतला. ती सांगत होती, मी लिहीत होते. ‘लिही गे,’ ती म्हणाली, ‘आमचं घर किती पिढ्या इथलं पाणी पितं. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. दोन्ही माझ्याच. एकीला आई म्हणावं नि दुसरीला मावशी, असं मला येत नाही.’ बोलता बोलता तिचा हात थांबला होता. स्वतःचंच बोलणं तिला आवडलं असावं.

आणि मी लिहिलं — तमिळ ही त्यांची मातृभाषा नाही. घरी त्या मराठी बोलतात.

एवढंच. बाकीचं गाळलं. पिढ्या गाळल्या, ‘दोन्ही माझ्याच’ गाळलं. ‘वाच बघू,’ ती म्हणाली, तर मी तिचंच सगळं तिला मराठीत म्हणून दाखवलं, जसंच्या तसं, कागदावर बोट फिरवत. तिनं मान डोलावली आणि सही केली. केळफुलाच्या काळ्या बोटाचा ठसा सहीशेजारी उमटला. ‘अय्यो, घाण झाला कागद,’ म्हणाली. मी म्हटलं, चालतो.

घरी येऊन मी माझं पान लिहिलं. मातृभाषा तमिळ. घरची भाषा तमिळ. लहानपणापासून दुसरी भाषा कानावर नाही.

तुम्ही बघा गंमत. तिच्याबद्दल मी एक अक्षर खोटं लिहिलं नाही. खोटं सगळं माझ्याबद्दल लिहिलं. आणि तरी कुणाचा गळा कापला मी?

आठ दिवसांनी मॅडमनं अक्काला बोलावलं. गोड बोलली म्हणे. तुमचा अनुभव मोठा आहे, आता तुम्ही मुलांना स्वयंपाक शिकवा, रसम वगैरे. म्हणजे बाहेर फिरवणंही बंद, स्वामीमलै बंद. त्या दुपारी अक्का सरळ माझ्याकडे आली. उन्हातून चालत. उंबऱ्यावरच बसली, आत यायचं तिला सुचेना. ‘मला परकी म्हणाली गे,’ ती म्हणाली. ‘इतकी वर्षं माझ्याकडून करून घेतलं आणि आज म्हणते तमिळ तुमची नाही. फसवलं मला त्या बाईनं.’ ती रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती उंबऱ्यावर हात फिरवत राहिली. मी काय केलं? मी कॉफी केली. तिच्या पाठीवर हात ठेवला. वर मॅडमला चार शिव्याही दिल्या — हो, दिल्या. त्या शिव्या देताना मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

मग तिनं पुढचं सांगितलं. मॅडमनं तिला विचारलं होतं — तुम्ही जिला कामाला आणलं ती पण तुमच्यातलीच का? अक्का म्हणाली, नाही नाही, ती तमिळ घरची. माझ्या नात्यातली नव्हे. ‘एकीचं गेलं, दुसरीचं का जावं?’ मला म्हणाली. ‘खोटं बोलले मी देवाच्या गावात. पण तुझं वाचलं.’

त्याच वेळी मी तिचे पाय धरायला हवे होते. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. मी म्हटलं, ‘कॉफी निवतेय.’

मुख्य मार्गदर्शक म्हणून मलाच निवडलं. मी परदेशी निघायच्या आधी अक्का बूट घेऊन आली. आपले पाय एकाच मापाचे, म्हणाली, मला आता काय करायचेत. ते बूट घालून मी चार महिने परदेशात फिरले. तिकडे सगळ्यांपुढे माझी ओळख करून दिली — जन्मापासून तमिळ श्वासात असलेली बाई. एका मुलीनं विचारलं, तुमची आई कोणती अंगाई म्हणायची? माझ्या आईची अंगाई मराठी. मी शेजारणीच्या घरी ऐकलेली तमिळ अंगाई माझी म्हणून गायले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत मी खुश होते. ते महिने मी सुखात होते, असं सांगितलं नाही तर हा कबुलीजबाबही माझ्या त्या पानासारखाच होईल.

परत आल्यावर पुढची काही वर्षं मी मुख्य मार्गदर्शक, आणि अक्का मागच्या स्वयंपाकघरात पोरांना डाळ घोटायला शिकवायची. पोरांपुढे ती मला तमिळमध्ये ‘मॅडम’ म्हणायची आणि त्यांची नजर चुकवून मला डोळा मारायची. आपलं गुपित, म्हणून. तो डोळा मला सोसायचा नाही. मी कामात असल्यासारखं दाखवून तोंड फिरवायची.

ती काम सोडून घरी बसली, मीही सोडलं. गोष्ट बुजली असं मी धरून चालले होते. पण त्या काळी मीच दोन्ही पानांच्या झेरॉक्स काढून तिला ठेवायला दिल्या होत्या, तिचं आणि माझं, एकाच पिनेत. का दिल्या? तिला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून. इतका भरवसा होता मला तिच्या न वाचता येण्यावर.

गेल्या वर्षी तिच्या नातीनं कपाट आवरलं. कॉलेजात जाणारी गुणी पोर. तिनं मला हौसेनं फोन केला — ‘आजीला तुमची जुनी पानं आज मराठीत वाचून दाखवली. तिचं आणि मग तुमचं. तिनं दोनदा वाचायला लावलं.’ मी विचारलं, मग काय म्हणाली? ‘काही नाही. डाग बघत बसली.’

चार दिवस मी गेले नाही. पाचव्या दिवशी गेले. काहीतरी बोलेल, भांडेल, तोंडावर फेकेल कागद — मी सगळ्याची तयारी केली होती. तिच्या त्या घरात मी परकर नेसायच्या वयापासून जाते. ओरडत आत शिरते, डबे उघडते. त्या दिवशी चपला काढून दारात उभी राहिले. ती आतून आली. केस पांढरे झालेत आता, गुडघे धरून चालते. माझ्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाली,

‘वांगा. उळ्ळे वांगा.’

या. आत या. दारात आलेल्या कुणाही बाईला म्हणतात तसं, आदरानं. मला खुर्ची दिली. पाहुण्यांच्या टंबलरमधून कॉफी दिली. तब्येत कशी, लेक कशी, ऊन फार वाढलंय — सगळं तमिळमध्ये, सगळं गोड. मी मराठीत बोलत होते. ती ऐकून घेत होती आणि तमिळमध्ये उत्तर देत होती, इतक्या सफाईनं की शेजारचं कुणी ऐकतं तर म्हणतं, जन्माची तमिळ बाई आहे. पानांचा विषय तिनं काढला नाही. मीही काढला नाही. ते बूट माझ्या पलंगाखाली आहेत हेही बोलले नाही.

त्यानंतर मी तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा तेच. परवा निघताना तिनं दारापर्यंत येऊन तमिळमध्ये विचारलं, पुन्हा कधी याल?

आणि मी, तिच्या उंबऱ्याच्या आत उभी राहून, तमिळमध्ये उत्तर दिलं.