वासांची वही

"मग तिकिटं काय फाडून टाकू?" लेकीचा आवाज आता जिन्यापर्यंत ऐकू जात होता. "बावीस वर्षं जगभर हिंडलात. आता नुसतं जेवायला चला म्हणतेय, तर म्हणे गुडघे दुखतात!"

"दुखतात म्हणजे दुखतात," तिचा आचारी बाप कांदा चिरता चिरता म्हणाला.

"काल तर गॅसचा सिलिंडर घेऊन दोन जिने चढलात!"

"म्हणूनच दुखतात."

आईला हसू आलं, पण तिने मान वर केली नाही. ती तांदूळ निवडत राहिली.

आचारी एका सहल कंपनीबरोबर परदेशी जायचा. जग पाहायला निघालेल्या मंडळींना सगळं जग चालायचं, फक्त तिथलं जेवण चालायचं नाही. म्हणून दोन दांडगे कुकर, मसाल्याचे डबे आणि पोळपाट घेऊन आचारी त्यांच्या मागोमाग विमानात बसायचा. चौदा देश झाले. त्यात त्याने पाहिली ती हॉटेलांची मागची दारं, मोऱ्या आणि शेगड्या. मंडळी राजवाडा बघून यायच्या आत चाळीस जणांचा भात व्हायला हवा. बाहेर कुठे बसून चार घास खायला सवड कशी मिळणार? सकाळी भाजी आणायला जायचा, तेवढंच त्याचं परदेश. तेव्हा गल्लीबोळांतून वास यायचे. ते तो एका वहीत लिहून ठेवायचा. 'स्टेशनमागे तळघरात भट्टी. पाव, पण खाली भाजलेले तीळ. बायका पाव गुंडाळायला घरून फडकं आणतात.' 'बंदराचा कोपरा. म्हातारा कोळशावर मासे भाजतो. धुरात लिंबाची साल. वीस जण रांगेत, कुणी बोलत नाही.' आणि प्रत्येक पानाखाली एकच ओळ: 'हिला घेऊन यायचं.'

त्याचं नाकच तसं होतं. शिजताना पदार्थ त्याने कधी चाखला नाही. झाकण उचलायचं, वाफ घ्यायची आणि मीठ किती कमी आहे ते सांगायचं. ज्याला खात्री नाही त्याने चाखावं, असं तो ऐटीत म्हणायचा. कंपनीतली माणसं त्यावर पैजा लावायची.

गेल्या थंडीत त्याला ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. नाक चोंदलं असेल, होईल मोकळं, असं म्हणत तो पुढच्या सहलीला गेला. चौथ्या दिवशी डाळ तळाला लागली. तो पातेल्याशीच उभा होता. त्याने ती नीट तळापासून ढवळली, झाकण उचललं, वाफ घेतली आणि म्हणाला, "वाढा." चाळीस ताटं तशीच परत आली. एक आजीबाई हळूच म्हणाल्या, "महाराज, चाखून तरी पाहायचं होतंत हो."

कंपनीने गोड बोलून त्याला घरी बसवलं. वय झालं म्हणाले, एवढंच त्याने घरी सांगितलं. बायकोने काही विचारलं नाही. पण तेव्हापासून तो शेगडीशी असला की तीही तिथेच काहीतरी निवडत बसायची आणि अधूनमधून म्हणायची, "उतरवा आता."

"हे तरी बघा!" लेकीने एक कागद त्याच्या पुढ्यात धरला. "पंधरा दिवस. पहिल्याच सकाळी तळघरातली भट्टी. मी फोन करून विचारलं बाबा, ती अजून आहे! मग बंदर. मग तुमच्या त्या डोंगराखालच्या बाईचं घर. सगळं तुमच्या वहीतून काढलंय."

आचाऱ्याने कागद वाचला. एकही पान तिने सोडलं नव्हतं. कांद्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कांद्याचं झोंबणं तेवढं अजून कळत होतं.

"नुसता वास घेतलात तरी पोट भरेल तुमचं," लेक म्हणाली.

"येत नाही."

"काय येत नाही?"

"वास. आठ महिने झाले."

लेकीने आईकडे पाहिलं. आईचा हात सुपात थांबला होता.

"डॉक्टर..."

"दोन झाले. आता आशा धरू नका म्हणाले."

"पण जिभेला तर कळतं ना?"

"खारट, आंबट, गोड, कडू. तेवढं गाईलाही कळतं."

लेक खाली बसली. म्हणाली, "तरी चला. आमच्याबरोबर नुसतं बसा."

"चाळीस जण जेवतात आणि आपण बाजूला उभं राहायचं, हे बावीस वर्षं केलं गं."

"अहो, मग मी तरी कशाला जाऊ?" बायको पहिल्यांदाच बोलली. "राहू दे ते सगळं."

आचाऱ्याने चिरलेला कांदा ताटात लोटला, विळी धुतली, भिंतीला टेकवून ठेवली आणि हात पुसले.

"तुम्ही दोघी जायचं. वही बरोबर न्या. मी येणार नाही," तो म्हणाला. "आणि परत आल्यावर काय खाल्लं, कसं होतं, ते या घरात कुणी बोलायचं नाही."