धुऱ्यावरचा मासा

काय सांगू तुम्हाला! घरातलं चार वर्षांचं भांडण मिटायला आलं होतं, ते मी एका माशापायी पुन्हा पेटवलं. हसा, हसून घ्या आधी.

आणि मासा तरी कसला? तळहाताएवढा, काळपट, बघितला तर लक्षातही राहू नये असा. तो राहतो उष्ण समुद्रातल्या पोवळ्यांच्या खडकांत. आमचं गाव समुद्रापासून कोसो दूर, इकडे पिंगळीच्या पलीकडे. तरी बसला की येऊन आमच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर!

सात वर्षं मी लांब, समुद्राकाठी शिकले. याच माशावर पदवी घेतली. परत आले ती डोक्यात एकच घेऊन, समुद्र न पाहिलेल्या माझ्या गावाला विहारात भाषण करून समुद्र दाखवायचा. गावानं मागितला नव्हता, हे खरं.

घरात तेव्हा अबोला होता. माझे वडील अप्पा आणि धाकटे चुलते नाना एकमेकांशी बोलत नव्हते. कशावरून? मी विचारलंच नाही. भावाभावांचं काहीतरी असेल, म्हणून सोडून दिलं. आई मात्र दोघांच्या मागे लागली होती, कारण नानांच्या मुलीचं, सविताचं, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं.

"तुझ्या भाषणाला दोघं बी यायलेत," आई म्हणाली. "शेजारी शेजारी बसवते. बसले की बोलतेत. लग्नात अप्पा दिसले पाहिजेत बघ, सविता रडायलीय."

रविवारी विहारात वंदना झाली आणि मी पडद्यावर मासा लावला. पहिल्या रांगेत अप्पा, त्यांना लागून नाना. अप्पांचा चष्मा घरीच राहिला होता. नानांनी आपला काढून त्यांच्या हातात दिला. अप्पांनी घातला! मागे बायकांत बसलेल्या आईनं पदर डोळ्यांना लावला.

"हा मासा शेती करतो!" मी सुरुवात केली. सभा ताठ बसली. "शेवाळाचं रान राखतो. नको ते शेवाळ तोंडानं उपटून हद्दीबाहेर टाकतो."

"खुरपतोय म्हना की!" गंगामावशी ओरडली.

"हो! आणि हद्दीत कुणी शिरलं, तर दहापट मोठ्या माशावरही धावून जातो. मला चावलाय!" मी बोटावरचा वण दाखवला. अप्पांनी मान डोलावली. झालं, मला चढलंच. "पण लबाडही तेवढाच! कडेचं पोवळं थोडं थोडं चावून मारतो आणि आपलं रान वाढवत नेतो."

सभेत कुजबुज सुरू झाली.

"म्हंजे धुरा कोरतोय," कुणीतरी हळूच म्हणालं.

"अगदी बरोबर!" मी टाळी वाजवली. "एकदम नाही, हळूहळू! शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही!"

सगळ्या माना नानांकडे वळल्या. मला काय ठाऊक? मला वाटलं, नानांना काही विचारायचंय.

"बोला ना नाना, लाजू नका!"

नाना बोलले. पण अप्पांशी.

"ह्याच्यासाठी शिकवलीस व्हय रे पोरगी? भर सभेत मला चोर म्हनायला?"

मी काय बोलणार, हे अप्पांना बिचाऱ्यांना माहीत नव्हतं. एवढं सांगून गप्प बसावं की नाही?

"मी काय करू?" अप्पा म्हणाले. "मासा खरं बोलायलाय."

नाना उठले. अप्पांच्या नाकावरचा चष्मा काढला, आपल्या खिशात घातला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन नानांच्या दारात. भाषणाचा शेवट राहूनच गेला होता ना! "नाना, बघा, शेजारीशेजारी राहणारे हे मासे एकमेकांना ओळखतात. हद्द एकदा ठरली की फारसे भांडत नाहीत."

नाना पडद्याकडे वाकले. "ह्यायला धुरा कोन आखून देतंय?"

"कुणीच नाही."

"मोजनीवाला न्हाई?"

"नाही."

"मग नशीबवान हायत. मी कालच मोजनीचा अर्ज लिवून ठेवलाय." आणि आत वळून म्हणाले, "पोरीला च्या द्या."

चहा पिऊन आले. दुसरं काय करणार?

लग्नाला आई आणि मी गेलो. पाठवणीच्या वेळी सविता माझ्या गळ्यात पडून रडली आणि माझ्या खांद्यावरून सारखी मांडवाच्या दाराकडे बघत होती. दारात कुणी नव्हतं.

घरी आलो, तर अप्पा नवा सदरा घालून खाटेवर बसलेले. आम्हाला बघून घाईनं गुंड्या सोडायला लागले.

"नाना जेवला का?" त्यांनी विचारलं.

मला रडू फुटलं. "अप्पा, मला खरंच माहीत नव्हतं हो!"

अप्पांनी माझा हात ओढला आणि बोटावरचा वण बघितला, डोळे बारीक करून.

"त्या माशाचं बरं होतं," ते म्हणाले. "तो चावला, म्हनून तुला त्याची हद्द कळली. हितं कुनी चावलं न्हाई बाई. म्हनून तू पार आत घुसलीस."