मुद्दाम चुकणारी आत्या

माणसं काय बोलतात हे ऐकणारे जगात पुष्कळ आहेत, पण माणसं कशी बोलतात एवढंच ऐकणारी बाई विधात्याने एकच घडवली आणि माझी आत्या म्हणून सदाशिव पेठेत आणून ठेवली. तिच्या दारात धापा टाकत जाऊन तुम्ही "लागली आग घराला!" असं ओरडलात, तर बादली उचलण्याआधी ती म्हणेल, "वा! क्रियापद आधी आलं. घाबरलेला माणूस अस्संच बोलतो." वाचा गेलेल्यांना बोलतं करणं हा तिचा व्यवसाय, आणि बोलणाऱ्यांना गप्प करणं हा, माझ्या मते, तिचा छंद. भाषा शिकणाऱ्याचे हाल कळावेत म्हणून ती दर वर्षी एक नवी भाषा शिकायला घेते आणि बरी यायला लागली की सोडून देते. "चुका संपल्यावर अभ्यासायला उरतं काय?" तमिळ जमायला लागलं तेव्हा ती आठवडाभर उदास होती.

मध्यंतरी तिने पुणेकरांच्या नकारांवर संशोधन काढलं होतं. नेमकी तेव्हाच माझ्या खराडीच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि आत्या दोन तास उशिरा उगवली. कोपऱ्यावरचा रिक्षावाला तिला "खराडी? जमणार नाही" म्हणाला होता. दुसऱ्या कोणी पुढची रिक्षा पाहिली असती. आत्या आत चढून बसली आणि मोबाईल त्याच्यासमोर धरून म्हणाली, "अहो, काय सुरेख नाही म्हणालात! परत म्हणा ना, रेकॉर्ड करते." त्याने म्हटलं. "आता एखाद्या वयस्कर गृहस्थांना कसं म्हणाल?" तेही म्हटलं. "आणि सासऱ्यांना?" सासऱ्यांपाशी तो हरला. वाटेत चकार शब्द काढायचा नाही या अटीवर त्याने तिला माझ्या दारात आणून सोडलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, बाई चांगल्या आहेत, पण परत तुम्हीच सोडा."

मग बाबांना पक्षाघाताचा झटका आला. बाबा म्हणजे आत्याचे थोरले भाऊ. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आणि त्यानंतर अख्ख्या पुण्याला शिकवत असलेले. हात हळूहळू हलायला लागला, शब्द मात्र परतेनात. त्यांना सगळं कळायचं, ओठ हलायचे, आवाजही यायचा, पण शब्द यायचा नाही. आत्या रोज सकाळी दोन बस बदलून यायची. तिने सरावासाठी चित्रांची कार्डं आणली होती, कुठल्याशा परदेशी संचातली. त्यात बर्फाचा माणूस होता. बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो वितळायचाच बाकी राहिला. मग सफरचंद झालं, छत्री झाली. बाबा तोंड फिरवून बसायचे. असे दीड महिने गेले. बाबांचा आवाज आता कायमचा गेला या विचाराने मला जेवण जाईना, आणि आत्याला तर मी आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

अशाच एका चतुर्थीला ती बाबांच्या खुर्चीशेजारी बसून माझ्या बायकोला साबुदाण्याची खिचडी सांगायला लागली. "साबुदाणा आधी चांगला उकळून घे." बाबांची भुवई चढली. "दाण्याचं कूट नको, बेसन लाव." बाबांची मान हलायला लागली. "आणि वरून भरपूर कांदा."

"कांदा… नाही!" बाबा गरजले.

उपासाच्या खिचडीत कांदा पडताना गप्प बसेल तो पुणेकर कसला! माझ्या हातातला पेला खाली पडला. आत्या शांतपणे म्हणाली, "मग लसूण घालू?" "नाही!" एवढं ऐकून ती गॅलरीत गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

त्या दिवसापासून तिने चुकीचं बोलायचं व्रतच घेतलं. तिने गोदावरी अरबी समुद्राला मिळवली, सिंहगड नाशकात नेऊन ठेवला, साताचा पाढा चुकवला. बाबा आधी एका शब्दाने दुरुस्त करायचे, मग वाक्याने, आणि वर्षभरात तासाभराच्या व्याख्यानाने. येईल त्याला सांगायचे, "एवढी शिकलेली, पण डोकं गेलं हो हिचं." मला राहवेना. म्हटलं, "आत्या, सांगून टाक ना त्यांना." ती म्हणाली, "वेडा आहेस का? कळलं तर दुरुस्त करायचा थांबेल तो. मला मूर्ख म्हणताना जोडाक्षर कसं स्वच्छ येतं बघ!"

या हिवाळ्यात बाबा थकले. शब्द आहेत, पण ते काढायची हौस राहिलेली नाही. परवा दोघं गॅलरीत बसली होती. समोर नदी दिसत होती.

"दादा, मुळा-मुठेचा संगम इथे खराडीलाच होतो ना रे?" आत्याने विचारलं.

संगम खराडीच्या कितीतरी आधी, शहरातच होतो; एरवी एवढ्यावर नकाशे निघाले असते. बाबा नदीकडे बघत राहिले. तिने पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

"असेल," बाबा म्हणाले.

इतका सौम्य शब्द बाबांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता, आणि मला तो अजिबात नको होता. आत्याने त्यांच्या पायांवरची शाल नीट केली.

"नाही रे दादा," ती म्हणाली, "माझंच चुकलं."