माझी पाठराखीण

माझं लग्न ठरलं तेव्हा बापानं माझ्या आईला मेलेली ठरवलं. आई त्या वेळी परसात गोवऱ्या थापत होती.

आम्ही बार्शीटाकळीकडचे कुणबी. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई पेटली, विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि अकोल्याच्या बाजारात आमच्यासारख्यांच्या गाड्यांची रीघ लागली. बघता बघता आमच्या कुडाच्या घराला विटा लागल्या, बापाच्या डोक्यावर जरीचा फेटा आला. फेट्याबरोबर हौसही आली, की पोरगी देशमुखांच्या घरात द्यायची. देशमुख जातीनं आमचेच, पण मानानं वरचे. त्यांच्या बाया पडद्यात राहत, आणि त्यांच्यात पाट लागत नसे.

तिथंच अडलं, कारण आई पाटाची होती. नवरा मेलेल्या बाईचं दुसरं लग्न म्हणजे पाट. आमच्यात ते सर्रास चालायचं, पण अंधार पडल्यावर, वाजंत्री न लावता. बाप तेव्हा बिनलग्नाचा होता. म्हणून रीतीप्रमाणे त्याचं लग्न आधी रुईच्या झुडपाशी लावलं आणि मग आईशी पाट.

देशमुखांचा मध्यस्थ विचारायला आला, "पोरीची माय लग्नाची का पाटाची?"

"लग्नाची होती," बाप म्हणाला. "वारली."

मध्यस्थ गेल्यावर काकानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तर म्हणतो कसा, "खोटं काय बोललो? लग्न रुईसंगच लागलं होतं. रुई वाळून गेली."

आईनं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही, भांडली नाही. हात धुऊन आत आली आणि म्हणाली, "मंग मी पोरीची पाठराखीण म्हणून जातो. तिच्यासंग कोणी बाई तं पाठवाच लागते."

माझं कन्यादान बापानं एकट्यानं केलं. आई त्या वेळी कापसाच्या कोठ्यात बसून होती. वरात निघाली तेव्हा ती जुनेरं नेसून माझ्या दमणीत, माझ्या पायाशी येऊन बसली. त्या बैलगाडीला पडदे होते. सासर अचलपूरकडं. वाटभर ती एकच बजावत होती, "मले माय म्हणू नको. मावशी म्हन."

सासरी तिला गोठ्यालगतची जागा मिळाली. ती गडीमाणसांच्या पंगतीला जेवायची. मी आत सासूजवळ, चांदीच्या ताटाशी. तिच्या लुगड्याला शेणाचा वास यायचा, आणि माझ्या जावा नाकाला पदर लावायच्या तेव्हा मी खाली बघायचे. ती माझी कोण, हे कुणाला ठाऊक नाही याचं मला बरं वाटायचं. बरं वाटतं म्हणून पुन्हा लाज वाटायची. दहा-अकरा वर्षांच्या पोरीच्या पोटात या दोन्ही लाजा एकदम कशा मावल्या, कोण जाणे.

एका तिन्हीसांजेला आई माझी वेणी घालून परतत होती. देवघरातला दिवा विझायला आला होता. घरी रोज करायची तसंच तिनं वाकून तेल घातलं, वात सारली. थोरल्या जावेनं ते पाहिलं आणि ती कडाडली, "ए बाई! देवाले हात लावून राहिली? तुमच्यात पाट लागतेत. काय मालूम, तू पाटाची हायेस का कशाची! सारव ते समदं."

आईनं शेण आणलं आणि पदर खोचून ती सारवायला बसली. तिचा हात जमिनीवरून गोल गोल फिरत होता, आणि जाऊ उंबऱ्यात उभी राहून "इकडं राहिलं, तिकडं राहिलं" म्हणत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "ते माही माय हाये!"

आईचा हात थांबला. जावा एकमेकींकडे पाहू लागल्या. तेवढ्यात सासू माजघरातून बाहेर आली. भारदस्त बाई, कमी बोलणारी. तिनं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "बिनमायची पोर. जिनं वाढवलं तिले माय म्हनते. त्यात एवढं काय झालं?"

जावा पांगल्या. सासूनं आईला सांगितलं, "बाई, सकाळी गाडी जोडून देतो."

जाताना आईनं माझ्या गालाला हात लावला. कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाली, "काहून बोललीस, मा?" बस, एवढंच. त्यानंतर ती माझ्या सासरी कधी आली नाही, आणि बापानं मला माहेरी नेणंही टाळलं. देशमुखांची सून जितकी दूर, तितकं त्याच्या फेट्याला बरं.

पुढं मला पहिली मुलगी झाली. बाळंतिणीच्या खोलीत सासू एकटीच माझ्यापाशी बसली होती तेव्हा म्हणाली, "मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. दोघीची हनुवटी एक."

मी घाबरून विचारलं, "मंग आत्याबाई, तिले धाडून काहून देल्लं?"

"तू बोलली म्हनून. कोणी बोललं नसतं तं महिनाभर राहिली असती. घरात पुष्कळ गोष्टी राहतेत, पोरी. बोललं का मंग त्याचा निवाडा करा लागते."

त्या वर्षापासून सासू मला नवरात्रात अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला नेऊ लागली. पहिल्या वेळी मला काहीच ठाऊक नव्हतं. सभामंडपाच्या खांबाआड आई बसलेली दिसली. निरोप कुणी धाडला होता, ते मी विचारलं नाही. सासू आमच्याकडे पाठ करून जपमाळ ओढत बसायची, आणि आमचं बोलणं संपेपर्यंत तिचा जप संपत नसे. आई माझ्या मुलीला मांडीवर घ्यायची. मी मात्र सारखी आजूबाजूला बघायचे, गावाकडचं कुणी पाहत तर नाही ना. आईच्या ते लक्षात यायचं. मग तीच आधी उठायची.

सातासमुद्रापारची लढाई तोवर केव्हाच संपली होती, कापसाचा भाव उतरला होता, बापाच्या फेट्याची जर काळी पडली होती. पण आई मेलेलीच राहिली. ती खरंच वारली तेव्हा माहेराहून निरोप आला, तोही फक्त सासूच्या कानी. लेकीनं तीन दिवसांचं सुतक धरावं. पण जिची आई कधीच वारली होती, तिनं आता कुणाचं सुतक धरायचं?

सासूनं घरात सांगितलं, "धाकटी बाहेरची झाली. कोणी शिवू नका."

मग मागच्या पडवीत, कांबळ्यावर, विटाळशीच्या जागी बसून मी आईचं सुतक धरलं. जावा दुरून ताट सरकवायच्या. मोठ्यानं रडायची सोय नव्हती. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाले. घरातल्यांना वाटलं, विटाळ फिटला. सासूनं न विचारता माझ्या केसांना तेल लावून दिलं, आणि मी मान वर न करता स्वयंपाकघरात गेले.