हलक्या वाऱ्याची पतंग

चिमणीचा धूर पाहून वारा सांगायची खोड माझी. शामसुंदरले ती मीच लावली, हे आधीच सांगून टाकते. मंग तुमाले काय म्हणायचं ते म्हणा.

आमी पोलाद कारखान्याच्या मरोदा वस्तीतल्या, क्वार्टरमधल्या बाया. सकाळी कपडे वाळत घालायच्या आधी मान वर करून प्लँटच्या चिमण्यांकडे पाहायचं. धूर तिकडे दुर्ग शहराकडे चालला तर कपडे अंगणात, आपल्याकडे वळला तर घरात. पंधरा वर्षं हेच केलं. मले वाटे, वाऱ्यातलं माझ्याएवढं कोणाले कळत नाही.

शामसुंदर ठमके आमच्या भिंतीले भिंत लागून राहायचा. आर्वीकडचा माणूस, टाइम ऑफिसात क्लार्क. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, हे दिवसभर लिहायचं. त्यामुळे कागदावर आहे तेच खरं, अशी त्याची समजूत. बोलणं मोजकं. बायको रत्नमाला मात्र बोलकी, हसरी. त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर तिच्या पाठीच्या मणक्यात टीबी निघाला. डॉक्टरनं फळीवर उताणी झोपवली. दीड वर्ष उठायचं नाही, आणि गोळ्या लागू पडायच्या असतील तर पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर काही खरं नाही, असं बजावलं.

तिथंच सारं अडलं. बाई खाईना. दुपारी भरवायचं काम माझं. दोन घास झाले की तोंड फिरवायची. मी चिडायची, "तू काय लहान लेकरू आहेस का?" म्हणायची. ती म्हणे, "ताई, छत पाहून पाहून घास उतरत नाही."

मंग पलंग खिडकीपाशी सरकवला. खिडकीतून एक कडुनिंब दिसायचा आणि त्याच्या बाजूचं तुकडाभर आभाळ. संक्रांतीले शामसुंदरनं त्या तुकड्यात साधी पतंग उडवून पाहिली. दिसली न दिसली तोच बाजूले गेली. मार्चमध्ये रत्नमालाचा भाऊ माणिक आला. तो जहाजावर इंजिनिअर. त्यानं परदेशातून हिरव्या कापडाची तिकोनी पतंग आणली, दोन दोऱ्यांची. डाव्या हातातली दोरी ओढली की डावीकडे जाते, उजवी ओढली की उजवीकडे. गिरक्या घ्यायले लावा, खाली आणा, वर न्या, राहते समोरच.

शामसुंदर क्वार्टरमागच्या मैदानात महिनाभर आदळआपट करून ते शिकला. मंग रोज जेवणाच्या सुट्टीत सायकल हाणत यायचा आणि स्वतः न जेवता मैदानात उभा राहायचा. हिरवी पतंग खिडकीत नाचायची, रत्नमाला तिच्याकडे पाहात तोंड उघडायची, मी घास टाकत जायची. ताट संपलं की मी ते रिकामं ताट खिडकीबाहेर धरायची. ते दिसलं की तो पतंग उतरवायचा. असा उन्हाळा गेला. बाई दोन पोळ्या खाऊ लागली, गाल भरले. खरं सांगते, मले लई आनंद झाला होता.

पावसाळा कसातरी काढला. ऑक्टोबर लागला आणि वारा पडला. हिरवी पतंग जोराच्या वाऱ्याची, फांद्या झुकतील तेव्हाच उठायची. आता ती जमीन सोडेना. ताट पुन्हा अर्धं परत जाऊ लागलं.

शामसुंदरनं हे कळवल्यावर माणिकचं पत्र आलं, सोबत दोन पतंगांची चित्रं. डिसेंबरात येतो, सामानात एकच मावेल, कोणती आणू ते महिन्याभरात कळवा. एक होती अगदी हलक्या वाऱ्याची, नाजूक. वारा जरा वाढला की काड्या मोडणार. दुसरी मधल्या वाऱ्याची, टिकाऊ. शामसुंदर पत्र घेऊन माझ्या दारात आला.

"वहिनी, हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी वारा किती असते?"

मी टेचात म्हणली, "वारा पाहाचा तर चिमणीकडे पाहा न शामभाऊ. इतकी वर्षं आमी काय करून राहिलो?"

झालं. माणसानं वही केली. तीन आठवडे रोज दुपारी धूर सरळ की आडवा, किती आडवा, सारं लिहिलं. धूर एकही दिवस सरळ वर गेला नाही. वही घेऊन तो रत्नमालापाशी बसला. मी तिथंच होती.

"मधला वारा आहे," तो म्हणाला. "हलकी आणली तर मोडून जाईन."

"अवो, हलकीच मागवा," रत्नमाला म्हणाली. "त्या कडुनिंबाचं पान हालत नाही. मी दिवसभर त्याच्याकडेच पाहून राहिली."

आणि मी, शहाणी, मधात बोलली, "तू पडून आहेस बाई. तुले त्या खिडकीतून काय कळते?"

तिनं मान पुन्हा खिडकीकडे वळवली. शामसुंदरनं त्याच संध्याकाळी पत्र टाकलं, मधल्या वाऱ्याची आण म्हणून.

डिसेंबरात माणिक निळी पतंग देऊन गेला. त्या दुपारी धूर चांगला आडवा होता. शामसुंदरनं दोऱ्या ताणल्या. पतंग कंबरेएवढी उठली आणि पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. मंग तो मागे मागे पळू लागला. पळे तोवर ती वर जाई. कुंपणाशी पाठ टेकली की खाली. खिडकीच्या काठाशी निळं टोक यायचं आणि बुडायचं.

मी आधी धुराकडे पाहिलं, मंग अंगणातल्या तारेकडे. तारेवरचं लुगडं ढिम्म लटकून होतं. चिमणी कुठं, आपण कुठं. वरचा वारा वरच राहतो. कपड्यांसाठी धूर कोणीकडे चालला एवढंच पाहायचं असते, खाली वारा आहे का नाही याची आमाले कधी गरजच पडली नव्हती. हे ज्या बाईले कळत होतं, तिले मी गप्प केलं होतं.

शामसुंदरले सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "आता काय करू, वहिनी?" माणिक जहाजावर परत गेला होता. शामसुंदरनं बांबूच्या काड्या तासून, पातळ कागद लावून घरीच एक केली. तिचा तोल साधेना, उठली की फिरून जमिनीत डोकं घालायची. तशा चार केल्या. मंग पुन्हा निळी घेऊन रोज पळायचा. रत्नमाला त्याच्यासाठी म्हणून घास कोंबायची आणि मागून ओकायची. ताट काही रिकामं होईना, मी खिडकीत धरू काय? तो सुट्टी संपेपर्यंत पळायचा आणि उपाशीच सायकलवर बसायचा. तिची मनगटं काड्यांसारखी झाली. एकदा मी म्हणली, "रत्ना, माझ्यावर राग काढ एकदाचा." ती म्हणाली, "कायले ताई? वारा नाही तर नाही."

होळी झाली आणि वारा सुटला. कडुनिंबाची पानं अंगणभर उडू लागली. शामसुंदरनं हिरवी पतंग बाहेर काढली. त्या दिवशी त्यानं जशी उडवली तशी कधीच उडवली नव्हती. आभाळाचा तो तुकडा त्यानं सोडलाच नाही. रत्नमालाची नजर पतंगीवरच होती. मी वरणभाताचा घास ओठाशी नेला. ओठ उघडले नाहीत.

"पाह्य न, कशी नाचून राहिली."

"पाहून राहिली ताई. लई छान आहे. पण आता जात नाही वो."

प्लँटचा भोंगा वाजला. सुट्टी संपली होती. तो हलला नाही. ताटाची वाट पाहून राहिला होता. मी उठली. वरणभात मोरीतल्या बादलीत टाकला, ताट पुसलं आणि खिडकीबाहेर धरलं.

शामसुंदरनं ताट पाहिलं. पतंग उतरवली. पाच महिन्यांनी तो माणूस हसला आणि मले हात करून सायकलकडे पळाला. रत्नमाला माझ्याकडेच पाहात होती. "बरं केलं," ती म्हणाली.

त्यानंतर ती अकरा दिवस होती. अकराही दिवस वारा होता, आणि अकराही दिवस मी रिकामं ताट दाखवलं.