बुडीत बँकेची खानावळ

टॅलो क्रीकच्या माणसांना दोनच गोष्टींची धास्ती असायची. एक जानेवारीतलं हिमवादळ आणि दुसरं डेलिया गॅरिटीचं तोंड. वादळ निदान दोन-चार दिवसांत ओसरायचं तरी.

नवरा मॅलकी विहीर खणताना कड ढासळून गेला, त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्याच्यामागे डेलियाने रेल्वेच्या रुळांजवळचं दुमजली लाकडी घर कर्ज काढून घेतलं आणि खानावळ घातली. खाली लांबलचक जेवणाचं टेबल, वर सहा खोल्या. गुराखी, रेल्वेचे लोक, फिरते विक्रेते, सगळे तिच्याकडेच उतरायचे, कारण दुसरं ठिकाण म्हणजे दारूचा गुत्ता आणि तिथे उशीला उवा. डेलियाच्या उशा स्वच्छ होत्या. उशिरा उठणाऱ्याला शिव्या मिळायच्या, पण नाश्ता गरम मिळायचा.

घर बँकेकडे गहाण होतं. पण बँक म्हणजे काय, हे आमच्या गावात कुणाला ठाऊक होतं? बँक म्हणजे कर्नल प्रुइट! तो कर्नल कुठल्या लढाईत होता ते त्यालाच माहीत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो डेलियाच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा, कॉफी प्यायचा, हप्ता खिशात घालायचा आणि उरलेले पैसे ठेवीत टाका म्हणून सांगायचा. ‘‘असं बघा गॅरिटीबाई,’’ तो म्हणायचा, ‘‘तुमचं कर्ज या खिशात, तुमची ठेव त्या खिशात. दोन्ही सारखी झाली की गहाणखत फाडून चुलीत घालू.’’ मग हात पुढे करायचा. डेलिया कणकेचा हात ॲप्रनला पुसून त्याच्याशी हात मिळवायची. आमच्याकडे एवढंच पुरायचं. हात मिळवला की झालं, कागद मागणं म्हणजे माणसाच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं.

ठेव जवळजवळ कर्जाइतकी झाली होती. नाताळपर्यंत घर आपलं होणार, असं डेलिया सगळ्यांना सांगत सुटली होती. आणि ऑक्टोबरात एका सकाळी बँकेच्या दाराला कुलूप लागलं. कर्नल आदल्या दिवशीच्या गाडीने पसार झाला होता. बरोबर काय काय घेऊन गेला याबद्दल गावात एकमत नव्हतं, पण बँकेतली पितळी पिकदाणीसुद्धा गेली, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

मग कोर्टाने बिकनेल नावाचा रिसीव्हर पाठवला. रिसीव्हर म्हणजे बुडालेल्या बँकेचं राहिलंसाहिलं गोळा करायचं आणि ठेवीदारांत वाटायचं, या कामाला नेमलेला साहेब. बारीक, खोकणारा, नाकावर चष्मा. बरोबर स्ट्रॉदर नावाचा वकील आणि दोन कारकून. उतरणार कुठे? अर्थात डेलियाकडे.

ठेवीदारांची पहिली सभा तिच्याच टेबलाभोवती भरली. चर्चमध्ये शेगडी नव्हती आणि गुत्तेवाला म्हणाला, प्यायल्याशिवाय बसू देणार नाही. बिकनेल खोकला आणि म्हणाला, ‘‘बँकेचं कर्ज ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याशी तडजोड करायची, का पूर्ण वसुली? तुमचं मत काय?’’

‘‘पूर्ण!’’ डेलिया ओगराळं उगारून ओरडली. ‘‘एक सेंट सोडू नका मेल्यांना! आमच्या पैशांवर घरं बांधून बसलेत! लिलाव करा!’’

टाळ्यांनी खोली दणाणली. गुन्नर स्लेटन नावाचा एक नॉर्वेजियन शेतकरी कधी तोंड उघडायचा नाही, तोसुद्धा ‘‘बरोबर बोलली!’’ म्हणाला. ठराव एकमताने झाला. आठवडा उलटला आणि वसुलीची पहिली नोटीस आली, ती डेलिया गॅरिटीच्या नावाने.

ती तशीच बिकनेलच्या खोलीत घुसली. बिकनेल दाढी करत होता.

‘‘हे काय? माझी ठेव आहे ना तुमच्याकडे? ती वजा करा आणि मोकळे व्हा!’’

‘‘बाई, ठेव वेगळी, कर्ज वेगळं. ठेवीचा तुम्हाला वाटा मिळेल. डॉलरमागे दहा सेंट मिळाले तर नशीब समजा.’’

‘‘आणि कर्ज?’’

‘‘ते पूर्ण. डॉलरला डॉलर. तुम्हीच नाही का परवा ओगराळं हलवलंत?’’

‘‘म्हणजे बँकेने माझं बुडवलं तर दहा सेंट, आणि मी बँकेचं बुडवलं तर माझं घर? आणि कर्नलने हात मिळवून सांगितलं होतं, त्याचं काय?’’

‘‘लेखी आहे काही?’’ बिकनेलने गालावरचा साबण पुसत विचारलं.

लेखी कुठलं! सगळ्या गावाचं तेच झालं होतं. सगळे कर्नलच्या हातावर विसंबून राहिले आणि तो हात घेऊन कर्नल गेला. डेलियाने दार असं आपटलं की बिकनेलची हनुवटी कापली.

कोर्टानेही तेच सांगितलं. न्यायाधीश म्हणाले, तोंडी करार सिद्ध होत नाही, घराचा लिलाव व्हावा. निकाल ऐकून डेलिया घरी आली. ज्यांनी तिचं घर विकायचा हुकूम मिळवला होता ते चौघे टेबलाशी भुकेले बसले होते. तिने त्यांच्या पुढ्यात ताटल्या आदळल्या. पण ताटल्यांत जेवण होतं. दारात आलेल्याला उपाशी ठेवणं तिच्याने झालं नसतं, आणि टॅलो क्रीकमध्ये ते कुणी खपवूनही घेतलं नसतं.

स्ट्रॉदर वकील मोठा खवय्या. सुक्या आलुबुखारांचं पुडिंग संपवता संपवता त्याला तिची दया आली असावी, किंवा पुडिंग आणखी हवं असावं.

‘‘गॅरिटीबाई, मन लावून घेऊ नका. निदान आमचं खाण्यापिण्याचं बिल तरी तुम्हाला पूर्ण मिळेल. ते खर्चात जातं. खर्च सगळ्यांच्या आधी.’’

‘‘सगळ्यांच्या म्हणजे?’’

‘‘ठेवीदारांच्या, चर्चच्या, जिल्ह्याच्या खजिन्याच्या. रिसीव्हरचा पगार, माझी फी, आमची खोली, हे पुडिंग. हे सगळं फिटल्यावर काही उरलं तर ठेवीदार.’’

‘‘असं का?’’ डेलिया म्हणाली. ‘‘आणि हे किती दिवस चालणार?’’

‘‘ते तुमच्यावर आहे. निकालावर वरच्या कोर्टात अपील करता येतं. अपील चालू असेपर्यंत ना लिलाव होत, ना आम्ही जात.’’ वकिलाने ताटली पुढे केली. ‘‘जरा साय घाला वरून.’’

विरुद्ध बाजूचा वकील आपल्याला अपील करायला सांगतोय, हे डेलियाला कळायला एक क्षण लागला. मग तिने ताटलीत सायीचं भांडंच उपडं केलं.

अपील दाखल झालं. त्या दिवसापासून खानावळीचा थाटच बदलला. आठवड्यातून एकदा शिजणारं गोमांस रोज शिजायला लागलं. बटाटे लोण्यात परतले जायला लागले. साहेबांच्या उशांत नवी पिसं आली, रात्री पायाशी गरम विटा आल्या. आणि दर महिन्याला बिल. बिकनेल ते न वाचता सही करायचा, न्यायाधीश बिकनेलची सही बघून मंजूर करायचे. पैसे आले की डेलिया त्यातले बरेचसे बिकनेलच्याच हातावर ठेवायची, कर्जाचा हप्ता म्हणून. बिकनेल पावती द्यायचा आणि जेवायला काय आहे विचारायचा. पैसे बँकेतून निघायचे, तिच्या स्वयंपाकघराला वळसा घालून बँकेत जायचे. कर्ज कमी व्हायचं ते डेलियाचं आणि पोट सुटायचं ते बिकनेलचं. वसंत ऋतूत त्याचा खोकला गेला, आणि शरद येईस्तो त्याच्या कोटाची बटणं लागेनात.

काम संपायची चिन्हं दिसली की कुठून तरी नवा दावा उपटायचा. तिजोरीत स्वतःच्या नावाने वेगळी बांधून ठेवलेली रक्कम ठेव धरत नाहीत, ती मालकाला जशीच्या तशी परत मिळते, असा कायदा आहे म्हणे. हे कळल्यावर गावातल्या अर्ध्या लोकांना आठवलं, की आपण कर्नलच्या तिजोरीत मोज्यात बांधून पैसे ठेवले होते! कुणाचा मोजा लाल, कुणाचा राखाडी. एकाने तर कोर्टात शपथेवर सांगितलं की दोन्ही मोजे होते. न्यायाधीशांनी विचारलं, ‘‘मग थंडीत पायात काय घातलंस?’’ तर म्हणाला, ‘‘म्हणून तर सर्दी झाली, महाराज!’’ धर्मगुरू म्हणाले, चर्चची ठेव देवाची, तिला आधी पैसे मिळावेत. गुरांच्या खरेदीसाठी बँकेत पैसे ठेवलेला शिकागोचा मांसवाला म्हणाला, आधी मला. एकेक दावा चालला, प्रत्येक दाव्याला स्ट्रॉदरची फी लागली आणि प्रत्येक सुनावणीला चार माणसं जास्त जेवली. काही दाव्यांची कल्पना लोकांना डेलियाच्याच टेबलावर सुचली होती. ती कॉफी ओतता ओतता सहज म्हणायची, ‘‘बघ बाबा, तुझा हक्क असेल तर सोडू नकोस.’’

या सगळ्यात गुन्नर स्लेटन तेवढा गप्प होता. त्याने मोज्याबिज्याची थाप मारली नाही. त्याने आपली सगळी गुरं विकून दोनशे डॉलर बँकेत ठेवले होते, कारण सरकारला तेवढे भरले की त्याची जमीन कायमची त्याच्या नावावर होणार होती. भरायला जाणार त्याच सकाळी कुलूप लागलं. आता तो सावकाराकडून व्याजाने उसने घेऊन दिवस काढत होता, वाटा मिळाला की काहीतरी जमेल म्हणून. दर रविवारी तो मागच्या दारी यायचा, टोपी हातात धरून.

‘‘डेलिया, तू त्यांना जेवायला वाढतेस. तुझ्या कानावर येत असेल. मिळतील का गं?’’

पहिल्यांदा ती ‘‘मिळतील’’ म्हणाली ते मनापासून. दुसऱ्या हिवाळ्यात मात्र शिकागोचा एक दलाल ठेवीदारांचे हक्क विकत घेत गावात फिरत होता. डॉलरमागे पंधरा सेंट, रोख. गुन्नर विचारायला आला. पंधरा सेंटने म्हणजे तीस डॉलर, तेवढ्यावर सावकार वर्षभर थांबायला तयार होता.

डेलिया भांडी घासत होती. पंधरा तर सोड, पाच सेंटही उरणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. रोज रात्री ती ते टेबलावर ऐकत होती. पण दलालाच्या हातात हक्क गोळा झाले की तो आधी खर्चावर बोट ठेवणार, काम आवरायला लावणार, हेही तिने ऐकलं होतं. आणि तिच्या घरावर अजून कर्ज बाकी होतं.

‘‘थांब रे थोडा,’’ ती पातेलं खरवडत म्हणाली. ‘‘पंधराला कशाला विकतोस? चांगला वाटा मिळेल.’’

‘‘तू म्हणतेस तर थांबतो,’’ गुन्नर म्हणाला. तिने त्याला जाताना पाव बांधून दिला. लोणीही जास्त लावलं.

तिसऱ्या वर्षी डेलियाचं कर्ज फिटलं. बिकनेलने गहाणखत तिच्या हातात ठेवलं, तिने ते चुलीत घातलं आणि त्याच आठवड्यात अपील मागे घेतलं. मग मात्र सगळं भराभरा आटोपलं, कारण वाटायला काही राहिलंच नव्हतं. अंतिम हिशेब कोर्टाच्या दारावर लागला. सर्व खर्च वजा जाता ठेवीदारांना डॉलरमागे अर्धा सेंट. न्यायाधीशांनी रिसीव्हरच्या काटेकोरपणाची तारीफ केली. स्ट्रॉदर जाताना पुडिंगची कृती लिहून घेऊन गेला. बिकनेलला गाडीच्या डब्यात चढवायला दोघांनी हात दिला.

गाव चिडलं, पण कुणावर चिडायचं ते कुणाला सुचेना. डेलियाचं घर वाचलं याचं सगळ्यांना कौतुकच होतं. कोर्टाला पुरून उरली, म्हणाले. ती हसायची आणि विषय बदलायची.

गुन्नरची जमीन गेली होती. सावकाराने आधी नांगर नेला, मग घोडा. शनिवारी भर दुपारी तो खानावळीत आला, या खेपेला पुढच्या दाराने. पाठीवरचं बोचकं खाली ठेवलं आणि लांब टेबलाच्या टोकाला, बिकनेल बसायचा त्या खुर्चीत, जाऊन बसला. टेबलावर एक डॉलर ठेवला.

‘‘वाटा मिळाला,’’ तो म्हणाला. ‘‘जेवायला वाढ.’’

‘‘अरे, पैसे कसले काढतोस! बस, गरम रस्सा आहे,’’ डेलिया लगबगीने म्हणाली. ‘‘आणि हे बोचकं कशाला? कुठे निघालास?’’

‘‘रेल्वेच्या कामावर. रूळ टाकायला माणसं घेतायत.’’ त्याने खुर्ची पुढे ओढली. ‘‘रस्सा नको. साहेबाला वाढायचीस ते सगळं वाढ. लोण्यातले बटाटे, भाजलेलं मांस, ते पुडिंग. सायीसकट. माझी गुरं होती ती, डेलिया. विकली, बँकेत ठेवली आणि त्यांनी इथे बसून खाल्ली. कशी लागत होती ते बघू दे मला एकदा.’’

डेलियाला तोंड कमी नव्हतं. त्या टेबलावर तिने वकिलांना गप्प केलं होतं. आता मात्र तिने हातातलं ओगराळं खाली ठेवलं.

‘‘तुला माहीत होतं?’’ तिने विचारलं.

‘‘दलाल गेला त्या रविवारी कळलं. तू कधी लोणी एवढं लावत नाहीस.’’

‘‘मग विकलं का नाहीस? का ऐकलंस माझं?’’ ती जवळजवळ ओरडलीच.

‘‘दलाल तोवर पुढच्या गावी गेला होता.’’

तिला रडू फुटलं. लाज वाटली तिला, इतकी की पायाखालची स्वतःच्या मालकीची जमीनही नकोशी झाली. ‘‘घर जात होतं रे माझं,’’ ती म्हणाली. ‘‘मी काय करायला हवं होतं?’’

गुन्नरने विचार केला. तो खरोखरच विचार करत होता, टोमणा नव्हता त्यात.

‘‘माझं घर असतं तर मीही हेच केलं असतं,’’ तो म्हणाला. ‘‘वाढ. गाडीची वेळ होतेय.’’

तिने वाढलं. तो शेवटच्या घासापर्यंत जेवला, ताटली पावाने पुसून घेतली.

‘‘चांगलं होतं,’’ तो म्हणाला. मग बोचकं उचललं आणि सुट्ट्यासाठी हात पुढे केला. डेलियाने ॲप्रनच्या खिशातून पंचाहत्तर सेंट काढून त्याच्या तळहातावर मोजून ठेवले.